दृष्टी टोचते काय?

पाखरे पाहण्यासाठी म्हणून मुद्दाम पहाटे उठून डोंगरात जाणारी माणसे सांप्रत आपल्या मराठवाड्यातही दिसू लागली आहेत. गळ्यात दुर्बीण, पाठीवर पिशवी, खिशात वही. पूर्वी डोंगरात जाणारा मनुष्य लाकडाला जाई, डिंकाला जाई, मधाला जाई, फार तर देवाच्या नवसाला जाई. नुसते पाहायला म्हणून कोणी गेल्याचे ऐकिवात नव्हते. त्यामुळे गावातली वडीलधारी मंडळी अशा माणसाकडे जरा संशयानेच बघतात. पाखरे काय दारातही येतात, त्यांना पाहायला डोंगर कशाला चढायचा, असा त्यांचा साधा सवाल असतो. उलट हे पाहणारे म्हणतात, आम्ही कोणाचे काही घेत नाही, तोडत नाही, मारत नाही, नुसते पाहतो. याहून निरुपद्रवी गोष्ट जगात दुसरी कोणती?

आम्ही या वादाकडे कदाचित लक्षही दिले नसते. परंतु तुकाराम बीजेच्या सप्ताहासाठी जिंतूरच्या अलीकडील डोंगरपट्ट्यातल्या एका लहानशा गावी आमचा मुक्काम होता. तेथील शाळेतले एक तरुण गुरुजी मोठे पाखरांचे वेडे. त्यांनी आमच्यापुढे हा प्रश्न ठेवला तो अगदी वेदान्ताच्या भाषेत ठेवला. ते म्हणाले, "महाराज, मुंडकोपनिषदात एका झाडावर दोन पक्षी बसलेले सांगितले आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. खाणारा तो जीव, पाहणारा तो परमात्मा. मग आम्ही न खाता नुसते पाहतो, तर आम्ही त्या दुसऱ्या पक्ष्याच्या वाटेवर नाही का?"

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. ते रूपक ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलापासून चालत आलेले आहे, श्वेताश्वतरातही आहे, आणि आचार्यांनी त्यावर भाष्य केले आहे. आम्ही त्यांना एवढेच म्हटले, "गुरुजी, उद्या आम्हांला बरोबर घ्या, मग बोलू." बीजेचे कीर्तन दुपारी संपले होते, आणि नाथषष्ठीला पैठणला निघायला मध्ये दोन दिवस होते.

परभणी जिल्हा म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे गोदाकाठची काळी सपाट जमीन येते, गंगाखेडची जनाबाई येते. पण जिल्ह्याच्या उत्तरेला जिंतूर तालुक्यात डोंगर आहेत. फार उंच नव्हेत. परंतु साग, धावडा, सालई, पळस यांची विरळ का होईना राने त्यांवर टिकून आहेत. पलीकडे पूर्णा नदीवर येलदरीचे धरण. जिंतूरजवळच नेमगिरीच्या टेकडीत जैनांची लेणी आहेत. ज्या मताने अहिंसेचा विचार सर्वांत बारीक केला त्या मताच्या मूर्ती या डोंगराच्या पोटात बसलेल्या आहेत, ही गोष्ट पुढे आम्हांला वारंवार आठवत राहिली.

फाल्गुन वद्यातली पहाट. पळस फुलून संपत आला होता, तरी जे दहा-बारा वृक्ष अजून पेटलेले होते त्यांवर भोरड्यांचे थवेच्या थवे. गुरुजींनी दुर्बीण आमच्या हाती दिली. भोरडी म्हणजे साळुंकीच्या जातीतले पाखरू, अंग गुलाबी, डोके-पंख काळे. पळसाच्या फुलात चोच घालून मध पिते आणि तोंडाला लागलेला पराग दुसऱ्या फुलापर्यंत नेते. हे पाखरू आपले नव्हे. ते मध्य आशियातून येते, पावसाळा सरताना येते आणि चैत्राच्या सुमारास परत फिरते. तिकडे त्याची वीण होते, आणि तिकडे ते टोळांचा असा फडशा पाडते की चीनच्या सिंक्यांग प्रांतात त्याने घरटी करावीत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतात. इकडे तेच पाखरू ज्वारीवर उतरते तेव्हा त्याच्यामागे गोफण फिरते. एकच चोच, तिकडे मित्राची, इकडे वैऱ्याची. पाखराच्या मनात दोन्हीकडे भुकेवाचून दुसरे काही नाही.

एका बाभळीच्या काट्यावर टोळ टोचून ठेवलेला गुरुजींनी दाखविला. हे खाटीक नावाच्या पक्ष्याचे काम. लहानसे, देखणे पाखरू. पण शिकार काट्याला अडकवून सवडीने खाते. ज्यांना वाटते की रान म्हणजे निष्पाप शांतीचे माहेर, त्यांनी हा काटा एकदा पाहावा. तुकोबांनी वनातल्या झाडापाखरांना आपले नातलग मानले हे खरे, पण तुकोबा भाबडे नव्हते. नात्यात खाटीकही असतो हे घरसंसार केलेल्या वाण्याला कोणी शिकवायला नको.

पहिल्या दोन-तीन तासांत गुरुजींच्या वहीत पुष्कळ नावे उतरली. तांबट, कोतवाल, वेडा राघू, हळद्या, भारद्वाज, नीलकंठ, सातभाई, शिक्रा. प्रत्येक नवे नाव लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटे ते आम्ही निरखून पाहत होतो, कारण आमचे उत्तर तेथेच होते. एकदा ओढ्यावरच्या जांभळीत काहीतरी हलले आणि न दिसताच उडून गेले. गुरुजी कितीतरी वेळ हळहळले. "महाराज, ते गेल्या वर्षीही हुकले होते."

तेव्हा आम्ही म्हटले, "गुरुजी, उपनिषदातला दुसरा पक्षी हळहळत नाही."

त्यांना क्षणभर अर्थ लागला नाही. मग हसले. परंतु विषय हसण्यावारी सोडण्यासारखा नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. 'न खाता पाहणे' हे शब्द वरवर घेतले तर पोटाने न खाणारा प्रत्येक प्रेक्षक साक्षी ठरेल. नाटकगृहातला मनुष्यही साक्षी ठरेल. वस्तुतः भोग केवळ जिभेने घडत नाही. रूप हा डोळ्याचा विषय आहे, जसा रस हा जिभेचा. डोळा रूप खातो. एक पाखरू दिसले की दुसऱ्याची भूक लागते, दुर्मीळ दिसले की इतरांना सांगण्याची भूक लागते, हुकले की उपास घडल्यासारखे वाटते. म्हणजे फांदीवर बसून पाहणारा हा मनुष्य पहिलाच पक्षी आहे. फक्त त्याने चोचीऐवजी डोळा लावला आहे. साक्षीला वही नसते. त्याला आजचा आकडा कालच्या आकड्याहून मोठा व्हावा असे वाटत नाही.

याचा अर्थ पाखरे पाहणे वाईट असा मुळीच नाही. शेवटी अवधूताने काय केले? भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत पाखरे आहेत. पिलांच्या मोहाने जाळ्यात शिरणारा कपोत आहे. मांसाचा तुकडा तोंडात धरल्यामुळे इतर पक्ष्यांचा मार खाणारा आणि तो तुकडा टाकताच सुखी होणारा कुरर आहे. याच स्कंधावर नाथ महाराजांनी शके १४९५ त्ये काशीत टीका पुरी केली, आणि आपण ती आज पारायणाला बसून वाचतो. अवधूताने कुरराला पाहिले नसते, पुरेसा वेळ, धीर धरून, तर त्याला हा गुरू भेटला नसता. तुकडा टाकल्यावर तो कसा निवांत बसला हे दिसायला तेथे थांबावे लागते. तेव्हा पाहण्याला आमचा विरोध नाही. पाहण्याला साक्षित्वाचे शालजोडीचे पांघरूण घालण्याला आहे.

जाता जाता एक. आम्ही कीर्तनकार मंडळी चातक, चकोर, चक्रवाक यांच्यावर उपजीविका करतो म्हटले तरी चालेल. चक्रवाकाची जोडी रात्री दुरावते, चातक मेघाच्या थेंबावाचून पाणी घेत नाही. गुरुजी म्हणाले, चक्रवाक हिवाळ्यात येलदरीच्या पाण्यावर येतात आणि रात्रीही जोडीजोडीनेच चरतात. चातक पावसाबरोबर येतो हे खरे, पण पाणी इतरांसारखेच पितो, आणि त्याची मादी सातभाईच्या घरट्यात चोरून अंडे घालते. दुसऱ्या एका बुवांना हे सांगितल्यावर ते गुरुजींवर रागावले होते म्हणे. रागावण्याचे कारण नाही. दृष्टांत एकदेशी असतो. चातकाकडून निष्ठा घ्यावी, त्याच्या गृहस्थीची चौकशी करू नये. पण हेही खरे की 'दृष्टांत' या शब्दातच 'दृष्ट' बसलेले आहे. न्यायशास्त्राप्रमाणे दृष्टांत तो, ज्याविषयी सामान्य जन आणि परीक्षक यांचे एकमत असते. समोर बसलेल्या शाळकरी पोराने चक्रवाकांची जोडी रात्री एकत्र पाहिली असेल तर त्याच्यापुढे तो दृष्टांत दृष्टांतच राहत नाही, कविसंकेत उरतो. आणि कविसंकेत म्हणूनच तो सांगावा. असो.

ऊन चढू लागले. डोंगराच्या पायथ्याशी एक मुरमाड माळ आहे, तो ओलांडून आम्ही लिंबाच्या सावलीला बसलो. माळावर दुरून आलेले चार तरुण होते, मोठमोठ्या नळीचे कॅमेरे घेतलेले. गुरुजींची त्यांची ओळख नव्हती. ते अर्धवर्तुळ करून बसले होते आणि त्यांच्या डोक्यावरून एक टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत घिरट्या घालीत होती. गुरुजींनी दुर्बिणीतून पाहिले आणि म्हणाले, "घरटे आहे."

टिटवीचे घरटे म्हणजे घरटे नव्हेच. उघड्या जमिनीवर थोडा खळगा, भोवती खडे, मध्ये बहुधा चार अंडी, खड्यांच्याच रंगाची. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. भारती युद्धात हत्तीच्या गळ्यातली घंटा तुटून टिटवीच्या अंड्यांवर पडली आणि अठरा अक्षौहिणींच्या पायदळी ती अंडी वाचली, ही कथा आम्ही कीर्तनात कितीदा तरी सांगितली आहे. येथे घंटा नव्हती. फाल्गुनाचे ऊन होते. कोंबडी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला; टिटवी दुपारी अंड्यांवर उभी राहते ती सावली द्यायला. ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून आणते आणि तो ओलावा अंड्यांना देते. मग ती अर्धा तास दूर राहिली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

त्या तरुणांपैकी कोणाच्याही मनात दुष्टावा नव्हता, हे आवर्जून लिहितो. ते अगदी हळू हलत होते. अंड्यांना त्यांनी बोटही लावले नव्हते. जवळजवळ श्वास रोखून ते वाट पाहत होते की टिटवी खाली उतरेल आणि तिचे चित्र मिळेल. आणि ते होते म्हणूनच ती उतरत नव्हती.

मेंढरे घेऊन एक म्हातारे धनगर तिकडून आले. ती मेंढरे त्यांनी बऱ्याच अंतरावरूनच वळविली, माळाला वळसा घातला, आणि मग काठी टेकीत त्या पोरांजवळ जाऊन म्हणाले, "लेकरांनो, हला हितून. तुम्ही तिच्याकडं बघायलाव, ती तुमच्याकडं बघायली, अन् अंडे उन्हात भाजायलेत."

पोरे चांगल्या घरची होती. ओशाळली, सामान उचलून निघून गेली. पाच-सात मिनिटांत टिटवी उतरली, थोडी चालली, थांबली, पुन्हा चालली, आणि खळग्यावर उभी राहिली. तिचे ओरडणे थांबल्यावर माळ इतका शांत झाला की आमचे आम्हांला बोलणे सुचेना.

ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय ज्यांनी नीट वाचला आहे त्यांना आता आम्ही कोठे चाललो हे कळले असेल. गीतेत ज्ञानाच्या लक्षणांत 'अहिंसा' हा एकच शब्द आहे. माउलींनी त्या एका शब्दावर केवढा विस्तार केला आहे! अहिंसा अंगी बाणलेला पुरुष चालतो कसा, श्वास घेतो कसा, बोलतो कसा, पाहतो कसा, हात हलवितो कसा, असे एकेक करून सांगितले आहे. त्यांत चालण्याच्या वर्णनात बगळ्याची उपमा आहे. पाण्याची लाट मोडू नये अशा बेताने बगळा पाऊल टाकतो, तसा हा पुरुष चालतो. ही ओवी निरूपणाला घेताना आम्हांला नेहमी एक गंमत वाटत आली आहे. माउलींना काय ठाऊक नव्हते की बगळ्याचे ते हळुवार पाऊल माशासाठी असते? ठाऊक होते, त्यांनी स्वतःच तेथे भक्ष्यावर दृष्टी ठेवलेला बगळा सांगितला आहे. अहिंसेला उपमा दिली ती शिकाऱ्याच्या चालीची! त्या माळावर आम्हांला वाटले की यात माउलींचा डोळसपणा आहे. हळुवारपणा हे अहिंसेचे लक्षण खरे, पण तो एकटा पुरावा नव्हे. बगळा हळू चालतो, तितर धरणारा फासेवाला हळू चालतो, चित्र घेणारा हळू चालतो, साधूही हळू चालतो. चौघांची पावले वाळूत सारखीच उमटतील.

त्यापुढचा भाग दृष्टीचा. तेथे माउली म्हणतात की भूतमात्रात ती परमवस्तू भरलेली आहे, आपली नजर कदाचित तिला रुतेल, म्हणून तो पुरुष सहसा कोणाकडे पाहतच नाही. आणि कधी पाहिलेच, तर चंद्राचे किरण जसे झरताना दिसत नाहीत तसे पाहतो. कासवी पिलांकडे पाहते तसे पाहतो, की ज्या पाहण्यानेच त्यांचे पोषण व्हावे. नजर रुतते! पाठशाळेत असताना आमचे गुरुजी हे स्थळ आले की म्हणत, हे काव्य आहे, फार ओढू नका. पुढे आयुष्यभर आम्हीही ते काव्य म्हणूनच सांगत आलो. परंतु त्या दुपारी चार माणसांच्या नुसत्या पाहण्याने चार अंडी उन्हात तापत होती. हात लागला नव्हता, दगड पडला नव्हता. रुतत होती ती नजरच. सातशे वर्षांपूर्वीचे ते वाक्य अगदी अक्षरार्थाने खरे होते आणि त्याचा अर्थ एका निरक्षर धनगराने तीन तुकड्यांत सांगितला होता.

येथे कोणी म्हणेल, मग प्रश्न मिटला. पाहू नये. डोंगरात जाऊ नये, पाखरांना त्यांच्या जागी सोडावे, आपण आपला हरिपाठ म्हणावा. गुरुजींचाही चेहरा तेवढ्यासाठीच उतरला होता. परंतु प्रश्न मिटत नाही.

त्याच लिंबाखाली बसून आम्ही त्या धनगरबाबांना विचारले, "बाबा, गिधाडे दिसतात का हो आता?" ते म्हणाले, "न्हाई महाराज. माझ्या थोरल्या नातीला गिधाड कसं असतंय ते ठाव न्हाई." पूर्वी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की दुपारपर्यंत नुसता सांगाडा उरे. मग गिधाडे कमी झाली, आणि केव्हा नाहीशी झाली हे त्या गावात एकालाही सांगता आले नाही. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत साऱ्या हिंदुस्थानातून ती गेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातले एकही उरले नाही म्हणण्यासारखी स्थिती आली. २००४ साली कारण उघड झाले. गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफेनॅक नावाचे औषध. ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. औषध देणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात गिधाड मारायचे नव्हते; गाईची वेदना कमी व्हावी एवढीच इच्छा होती. रामप्रभूंनी ज्या जटायूला पित्यासमान मानून अग्नी दिला, त्याचे कूळ आपल्या डोक्यावरून नाहीसे झाले आणि आपण वर मान करून पाहिले नाही. ज्यांनी पाहिले, मोजले, लिहून ठेवले, त्यांच्यामुळे कारण सापडले. ती माणसे वही आणि दुर्बीण घेऊन हिंडणारीच होती. आम्ही ज्या वहीची थट्टा केली तीच वही.

म्हणजे नजर रुतून अंडी मरतात आणि नजर न गेल्याने कुळे मरतात. या दोहोंच्या मध्ये उभे राहून उत्तर द्यायचे आहे.

गुरुजींनी या विद्येचा इतिहास थोडा सांगितला, तो विचार करण्यासारखा आहे. आरंभी पाखरू ओळखायचे तर ते मारावे लागे. काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचा वाटा ते ह्यूम साहेब आपल्या काळी हिंदुस्थानातील पक्ष्यांचे सर्वांत मोठे जाणकार. त्यांनी जमविलेली हजारो पक्ष्यांची कातडी १८८५ साली लंडनच्या संग्रहालयात गेली. पुढे हेच ह्यूम शाकाहारी झाले. सालिम अली यांचे सारे आयुष्य लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून सुरू झाले. १९३१-३२ साली त्यांनी निजामच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली; आपला परभणी जिल्हा त्या वेळी त्याच संस्थानात होता. त्याही कामात बंदूक होती. बंदुकीची जागा पुढे दुर्बिणीने घेतली. आणि आपल्या मराठीत, अरण्यात सारी नोकरी काढलेले मारुती चितमपल्ली, जे २०२५ च्या जूनमध्ये सोलापुरास वारले, त्यांनी पक्ष्यांची गावोगावची नावे गोळा करून 'पक्षीकोश' रचला, आणि हंसदेव नावाच्या जैन पंडिताचा 'मृगपक्षिशास्त्र' हा संस्कृत ग्रंथ मराठीत आणला. बंदूक, दुर्बीण, कोश. शंभर वर्षांत नजर किती मागे सरली आहे! आणि आता कॅमेऱ्याबरोबर ती पुन्हा पुढे सरकू लागली आहे, टिटवीच्या खळग्यापर्यंत.

आमच्या मते भेद येथे आहे. पाहणाऱ्याने कोठे उभे राहायचे हे कोणी ठरवायचे? पाहणाऱ्याच्या भुकेने ठरविले तर तो आणखी एक पाऊल पुढे जाणार. कारण चित्र आणखी स्पष्ट हवे असते. पाहिले जाणाऱ्याच्या जिवाने ठरविले तर तो पन्नास पावले मागे राहील, आणि मागे राहूनही पाहील. धनगरबाबांनी टिटवी पाहिली नव्हती काय? सर्वांच्या आधी त्यांनीच पाहिली होती. पाहिल्याबरोबर मेंढरे वळविली. त्यांच्या पाहण्यातून जे निघाले ते चित्र नव्हते, नोंद नव्हती, वळसा होता. कासवीच्या दृष्टीने पिलांचे पोषण होते की नाही हे प्राणिशास्त्रवाले सांगतील. त्या दृष्टीने अंडी वाचतात एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

यावर गुरुजींचा आक्षेप होता, आणि तो बिनतोड होता. "महाराज, त्यांनी वळसा घातला, पण त्यांच्या वळशाने गिधाड वाचले नाही. त्याला नोंदच लागली." आम्ही ते मान्य केले. धनगराचा वळसा आणि गुरुजींची वही या दोन्ही गोष्टी एकाच माणसात याव्यात, असे म्हणायला सोपे आहे. येतात की नाही ते गुरुजींकडे पाहून पुढच्या वर्षी कळेल. एवढे खरे की त्या दिवशी दुपारनंतर त्यांनी वहीत टिटवीपुढे संख्या न लिहिता जागा लिहिली, आणि शाळेतल्या पोरांनी वैशाख संपेतो त्या माळावर चेंडू खेळू नये असे शेजारी लिहून ठेवले.

परतताना गावाच्या शिवेवर आणखी एक प्रसंग घडला. तो वरच्या विवेचनात नीट बसत नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

आजूबाजूला हरभऱ्याची, सोयाबीनची निघालेली रिकामी राने, आणि मधोमध दीड-दोन एकर उशिराची ज्वारी उभी. माळ्यावर एक बाई गोफण घेऊन उभ्या, खाली एक मूल पत्र्याचा डबा बडवीत होते. वर भोरड्यांचा ढग. सकाळी पळसावर आम्ही ज्यांचे कौतुक केले त्याच भोरड्या. पूर्वी साऱ्या शिवारात ज्वारी असे, तेव्हा पाखरे वाटली जात. आता एकट्या-दुकट्याने पेरली की सारी पाखरे त्याच्याच रानावर उतरतात. म्हणून लोक पेरीत नाहीत, आणि म्हणून पेरणाऱ्याचे आणखी जाते. त्या बाईंनी आम्हांला ओळखले. बीजेच्या कीर्तनाला त्या होत्या. त्या कीर्तनात आम्ही तुकोबांना शेत राखायला बसविल्याची आणि त्यांनी पाखरांना दाणे खाऊ दिल्याची कथा सांगितली होती.

माळ्यावरूनच त्या म्हणाल्या, "महाराज, ते रान दुसऱ्याचं व्हतं. तुकाराम महाराजांनी दुसऱ्याचे दाणे खाऊ दिले. मला सांगा, ह्या पाखरांनी माझे दाणे खाल्ले तर त्याचं पुण्य माझ्या नावावर हाय का, का दुर्बीण लावणाऱ्या गुरुजींच्या?"

गुरुजी खाली पाहू लागले. आम्ही म्हणालो, "मावशी, पुण्याचे माहीत नाही, पण दाणे तुमचे गेले हे नक्की."

"तेवढं तर मलाबी ठाव हाय," असे म्हणून त्यांनी गोफण पुन्हा भरली.

कथेत पुढे देवाने त्या शेतकऱ्याचे धान्य भरून दिले असे सांगतात. आम्हीही तसे सांगतो, आणि श्रोते टाळी देतात. पण कथेतला देव ज्या वेळी येत नाही त्या वेळी भरून कोणी द्यायचे, हा या बाईंचा खरा प्रश्न होता. पाखरे सर्वांची, पाहण्याचा आनंद पाहणाऱ्याचा, आणि खर्च एका घराचा, ही वाटणी कोणत्या शास्त्राने बरोबर ठरेल?

रात्री हरिपाठानंतर भजनी मंडळींपुढे आम्ही हे बोलून दाखविले. सप्ताहासाठी घरोघरून जमलेल्या ज्वारीपैकी काही शिल्लक होती. एका तरुणाने सुचविले, त्यातली पाच पायल्या त्या बाईंच्या घरी पोचवाव्यात, आणि पुढील वर्षी गावातल्या आणखी चार जणांनी मिळून शेजारी शेजारी ज्वारी पेरावी म्हणजे पाखरे वाटली जातील. दुसऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी हरकत घेतली की शिल्लक धान्य देवाचे आहे; आज एकाला दिले तर उद्या ज्याच्या रानात डुक्कर शिरले तोही मागायला येईल. दोन्ही बाजूंनी बराच वेळ बोलणे झाले. शेवटी हा विषय पापमोचनी एकादशीच्या बैठकीत घ्यायचा ठरले, आणि आम्ही पहाटेच्या गाडीने पैठणला निघालो.